गुरुवारचा गड

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी कंपनीच्या बसमध्ये मी नेहमीप्रमाणे शेजारच्या सीटवर बॅग ठेवून जागा धरली होती. मोशीच्या स्टॉपवर माझा मित्र चढला. मी बॅग उचलून मांडीवर घेतली. तो माझ्या खांद्यावर हात टेकून 'आलोच' म्हणाला आणि सरळ मागे गेला. शेवटच्या, पाच जणांच्या बाकावर क्वालिटीमधला नवीन इंजिनिअर बसला होता, त्याच्याजवळ. चाकणला कंपनीचं गेट येईपर्यंत दोघांची डोकी एका मोबाईलवर वाकलेली होती. मी तीनदा मागे वळून पाहिलं. चौथ्यांदा मान अवघडली.

दुपारी कॅन्टीनमध्ये कळलं, ते ट्रिप ठरवत होते.

हे वाक्य ज्यांना साधं वाटेल त्यांना माझं दुखणं कळायचं नाही. आमच्या कंपनीत ट्रिप मी ठरवतो. वीस वर्षं मी ठरवत आलोय. कुठला गड, किती वाजता निघायचं, कुणी काय आणायचं, उतरताना कुणी शेवटी राहायचं, सगळं मी. माझं कामच प्रॉडक्शन प्लॅनिंगचं. कोणतं मशीन कधी चालवायचं आणि कोणता माल कधी गेटबाहेर पडायचा, हे दिवसभर ठरवायचं, आणि उरलेली खुमखुमी वर्षातून एकदा गडावर जिरवायची. त्यासाठी माझी वेगळी वही आहे. जुन्या प्रॉडक्शन शीटच्या पाठकोऱ्या बाजू शिवून केलेली.

मित्र आणि मी लातूर जिल्ह्यातले, शेजारशेजारच्या गावांतले. आयटीआय झाल्यावर एकाच एसटीनं इकडे आलो. तो टूलरूमला लागला, मी स्टोअरला आणि पुढे प्लॅनिंगला. भोसरीत एका खोलीत सहा जण राहायचो आणि त्या सहांपैकी आम्ही दोघंच एकाच कंपनीत होतो. आमची सुट्टी गुरुवारची. इथल्या कारखान्यांची वीज वाटून घेण्यासाठी कधीकाळी पाडलेली ही पद्धत. पुढे कंपनी भोसरीतून चाकणला गेली, आजूबाजूला रविवारी सुट्टी घेणारे बडे प्लांट आले, पण आमचा गुरुवार आमच्याबरोबर तसाच आला. गुरुवारची सुट्टी म्हणजे काय, ते ती भोगणाऱ्यालाच ठाऊक. त्या दिवशी सगळं जग कामावर असतं. पोरं शाळेत, पाहुणे ऑफिसात, लग्नं रविवारी. बायको म्हणते, तुमची सुट्टी म्हणजे घरात एक जास्तीचं माणूस. अशा रिकाम्या दिवशी करायचं काय आणि करायचं कुणाबरोबर? आमच्यासारख्याच दुसऱ्या गुरुवारवाल्याबरोबर.

तर आम्ही दोघं गडावर जायला लागलो. पुण्याच्या आजूबाजूला गडांना तोटा नाही. वर जायचं, घरून नेलेलं खायचं, उतरताना पुण्यात शिरून पर्वतीवर नाहीतर नदीकाठी बसायचं, की झाला गुरुवार. मग तिसरा आला, चौथा आला, डिपार्टमेंटची ट्रिप झाली. पण पाया आम्हा दोघांचा. मी आखायचो, तो 'हं' म्हणायचा. वीस वर्षांत त्याच्या 'हं'शिवाय माझी एकही ट्रिप निघाली नाही, आणि आता तो दुसऱ्याच्या मोबाईलवर वाकून 'हं' म्हणत होता.

त्या नवीन इंजिनिअरला मी मनातल्या मनात शिट्टीवाला म्हणायचो. त्याच्या सॅकच्या पट्ट्याला एक नारिंगी शिट्टी लटकलेली असायची. पुण्यात वाढलेला, वय अठ्ठावीस, आधी शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या नोकरीत. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या ग्रुपबरोबर डोंगरात. दोर, तो अडकवायच्या कॅराबिनर कड्या, टेकायच्या काठ्या, ओल्या न होणाऱ्या पँटी. बोलायला गोड. मला 'सर' म्हणायचा आणि तेही मनापासून, म्हणजे राग धरायलासुद्धा जागा नाही. आवडू नये असं त्याच्यात एकच होतं, ते म्हणजे माझा मित्र त्याला आवडला होता.

मी स्वतःची समजूत घातली की नव्याची नवलाई नऊ दिवस. नऊ दिवसांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप आला. मला त्यात अकरावा घेतलं होतं.

प्लॅन पीडीएफमध्ये होता. रंगीत. वर गडाचा फोटो, खाली वेळा. पहाटे साडेपाचला निगडीहून निघायचं, साडेसहाला पुण्यात नदीकाठी सायकली घ्यायच्या, कसबा, शनिवार, नारायण अशा जुन्या पेठांतून तास-दीड तास सायकलनं फिरायचं, आठला मिसळ, मग टेम्पो ट्रॅव्हलरनं मावळात. साडेदहाला पायथ्याशी केळी आणि शेंगदाणे, अकराला चढायला सुरुवात. 'दुपारी १ : गडावर पिठलं-भाकरी, ताक.' तीनला उतरताना कड्यावरून दोर लावून रॅपलिंग, साडेतीनला राजगिरा लाडू, पाचला धरणाच्या पाण्यात कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी.

गडाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर रविवारी तिथे आणखी शंभर जण जातील.

मी तो प्लॅन पहिल्यांदा वाचला तेव्हा हसलो. दर अडीच तासांनी खाणं! ट्रिप आहे का बारसं? दुसऱ्यांदा वाचला तेव्हा हसू गेलं, कारण प्लॅन चांगला होता. वीस वर्षं या पट्ट्यात राहून पुण्याच्या पेठा सकाळच्या वेळी बघाव्यात हे मला कधी सुचलं नव्हतं. मी पुण्याला नेहमी दिवस संपल्यावर उरलेला वेळ द्यायचो. तिसऱ्यांदा वाचला तो चूक शोधायला, आणि ती सापडली.

दुपारी एक, पिठलं-भाकरी.

त्या गडावर सात झोपड्या आहेत. पायथ्याच्या गावातल्या बाया तिथे चुली मांडतात, पिठलं, भाकरी, कांदा, ताक, लिंबूपाणी, सगळं मिळतं. पण रविवारी. शनिवारी अर्ध्या. गुरुवारी तिथे कुत्रंसुद्धा नसतं, कारण गुरुवारी त्या बाया आपल्या शेतात असतात. शिट्टीवाल्यानं तो गड आठ-दहा वेळा पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी रविवारी. त्याच्या गडावर ताक होतं. माझ्या गडावर नव्हतं. शिवाय गुरुवारी पुणं कामावर असतं. रविवारी पाऊण तासात मोकळं होणारं शहर गुरुवारी साडेनवाला दोन तास सोडत नाही. म्हणजे एकाचे अडीच वाजणार, आणि अडीचला वर हवा खायची.

हे मला वाचल्या वाचल्या दिसलं. प्लॅनिंगवाल्याला दुसरं काय येतं? ग्रुपवर एक ओळ लिहायची होती. गुरुवारी वर जेवण मिळत नाही, डबे आणा. मी लिहिलीसुद्धा. मग खाली मित्राचा आलेला अंगठा आणि त्यापुढे 'एक नंबर भावा' हे शब्द दिसले. मला त्यानं वीस वर्षांत कधी 'एक नंबर' म्हटलं नव्हतं. मी ती ओळ पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत मित्र मुद्दाम प्लॅनिंगच्या केबिनपर्यंत आला. तो गेले काही महिने चहा बिनसाखरेचा घ्यायला लागला होता. मी त्याला विचारलं नव्हतं. पोट सुटलं म्हणून असेल असं मी धरून चाललो होतो.

"प्लॅन बघितलास का?" तो म्हणाला.

"बघितला."

"कसा वाटला?"

"झकास," मी म्हणालो.

तो कप हातात धरून थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मग "बरं" म्हणाला आणि गेला.

आता मी काय ठरवलं होतं ते सांगतो, आणि सांगताना लाज वाटते ती वाटू द्या. शिट्टीवाल्याचा प्लॅन गडाच्या माथ्यावर आपटू द्यायचा. चौदा उपाशी माणसं रिकाम्या झोपड्यांकडे बघत उभी राहतील. शिट्टीवाल्याचं तोंड त्याच्या शिट्टीसारखं लोंबकळेल. मग मी सावकाश माझी सॅक उघडायची आणि आतून धपाटे काढायचे. चौदा माणसं, तीनप्रमाणे बेचाळीस, वर तीन मित्रासाठी जास्तीचे. एकूण पंचेचाळीस. ज्वारीचे, तिळाचे, आमच्याकडे करतात तसे. आणि कुणालाही काहीही बोलायचं नाही. बोलायची गरजच पडणार नव्हती.

बुधवारी संध्याकाळी बायकोनं परातभर पीठ मळलं. ती महापालिकेच्या शाळेत शिकवते. खोटं बोलणारं पोर पाठमोरं असलं तरी ओळखते.

"चौदा जणांचं तुम्हीच का नेताय?" तिनं विचारलं. "बाकीच्यांच्या घरी चुली नाहीत?"

"वर काही मिळत नाही गुरुवारी."

"मग सांगा ना सगळ्यांना, डबे आणा म्हणून."

मी धपाट्याला भोक पाडत बसलो.

"कुणावर जळताय एवढं?" ती म्हणाली. तिनं तव्यावरचं धपाटं उलटलं आणि म्हणाली, "दुसऱ्याचं नाक कापायला माझे हात भाजायला लावू नका पुन्हा." तरी तिनं पंचेचाळीस पूर्ण केले. वर दह्याचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी दिली.

गुरुवार उजाडला. आणि सकाळ इतकी छान गेली की माझा संताप दुप्पट झाला. पेठांमधली दुकानं बंद होती, ओट्यांवर पाणी मारलं जात होतं, एका बोळात फुलवाली परड्या लावत होती. आम्ही चौदा जण सायकलवरून एकामागोमाग जात होतो. शिट्टीवाला मध्येच थांबून एखादं जुनं दार, एखादा हौद दाखवायचा. माझी सॅक पाठीवर पाच किलोच्या वर होती, तरी मी ती गाडीत ठेवली नाही. एका उतारावर माझ्या मित्रानं दोन्ही हात सोडले. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पोट थोडं पुढे, हात हवेत, आणि तोंडानं 'ओ हो हो' करत माझ्या पुढून गेला. हा हात सोडून सायकल चालवतो हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, या माणसाबद्दल मला माहीत नाही असं काही उरलेलंच नाही. ते शिट्टीवाल्यामुळे कळलं, हे तर अगदी सहन झालं नाही.

मिसळ झाल्यावर मात्र गुरुवारनं मला साथ दिली. पुणं कामावर निघालं होतं. एकेका सिग्नलला तीन-तीनदा थांबत, मध्ये एका बंद पडलेल्या बसमागे अडकत आमची गाडी शहराबाहेर पडेपर्यंत साडेदहा झाले. शिट्टीवाला घड्याळ आणि मोबाईल आळीपाळीनं बघत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो. पायथ्याला पोहोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. केळी आणि शेंगदाणे गाडीतच संपले होते.

चढ दीड तासाचा. शिट्टीवाला पुढे, त्याच्यामागे मित्र, मग बाकीचे, शेवटी मी. शेवटी राहण्याचं काम माझ्याकडेच आलं होतं, 'सर, तुमचा अनुभव आहे' म्हणून. ऊन चढलं होतं. अर्ध्या वाटेवर कातळात कोरलेली एक लहान गुहा आहे, तिथे सावलीला सगळे टेकले. शिट्टीवाला मित्राजवळ उकिडवा बसून हळू आवाजात काहीतरी विचारत होता. मित्र मान हलवत होता. तेही मला खुपलं. एवढं काय गुपित?

मग शिट्टीवाला उठला आणि सगळ्यांना म्हणाला, "आपल्याला जरा उशीर झालाय. वर जेवण आहेच, लाडू खाली गाडीत राहिलेत, पण कुणाकडे आत्ता काही खायला आहे का? बिस्कीट, भेळ, काहीही?"

लोक खिसे चाचपायला लागले. कुणाकडे चिक्कीचा तुकडा निघाला, कुणाकडे नुसतं पाणी. मी सॅकच्या पट्ट्यावर हात ठेवून उभा होतो. आत पंचेचाळीस धपाटे होते. फडक्यातून तिळाचा वास मला येत होता. पण ही माझी जागा नव्हती. माझी जागा वर होती, त्या रिकाम्या झोपड्यांसमोर.

"आता काय खायचं," मी म्हणालो. "पाऊण तासाचा तर प्रश्न आहे. वर जाऊनच जेवू."

माझ्या शब्दाला त्या डोंगरात वजन होतं. सगळे उठले. चिक्कीचा तुकडा मित्राच्या हातात देऊन शिट्टीवाला पुढे झाला.

वीस मिनिटांनी पुढची रांग थांबली. कुणीतरी मला हाक मारली. मी बाजूनं चढून वर गेलो तर मित्र पायरीवर बसला होता. सदरा घामानं अंगाला चिकटलेला, तोंड पांढरं पडलेलं. हात थरथरत होते. मी त्याचं नाव घेतलं तर त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण मला ओळखायला त्याला वेळ लागला. तो वेळ मी विसरणार नाही.

शिट्टीवाल्यानं तोवर कमरेच्या पाउचमधून ग्लुकोजची पुडी काढून बाटलीत ओतली होती. वेगळं पाउच होतं ते, फक्त त्यासाठीच. त्यानं मित्राची मान धरली आणि घोटघोट पाजायला लागला. घाई नाही, गोंधळ नाही. हे आपल्याला करावं लागेल हे माहीत असलेल्या माणसासारखं.

"काय होतंय त्याला?" मी विचारलं.

"शुगर लो झाली, सर. गोळी चालू आहे ना. खाणं लांबलं की होतं." मग माझ्या तोंडाकडे बघून तो थांबला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं. बिनसाखरेचा चहा, दर अडीच तासांनी खाणं, राजगिऱ्याचा लाडू, दुपारी एकचं जेवण, सगळा रंगीत प्लॅन एका माणसाच्या रक्तातल्या साखरेवर बेतलेला होता, आणि मी त्याला बारसं म्हणून हसलो होतो. त्याही क्षणी, मित्र समोर थरथरत असताना, माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की हे त्यानं मला का नाही सांगितलं, याला का सांगितलं. आधी जळलो आणि मग घाबरलो. क्रम हाच होता.

"याच्यावर जेवण पोटात जायला पाहिजे," शिट्टीवाला म्हणाला. "मी पळत वर जाऊन भाकरी घेऊन येतो."

"वर काही नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"गुरुवारी तिथे कुणी नसतं."

मी सॅक खाली ठेवली आणि उघडली. तिथेच, मधल्या पायरीवर, उन्हात. फडकं सोडलं. शिट्टीवाल्यानं धपाट्यांच्या चळतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग डोळे खाली घातले. त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी धपाटं दह्यात बुडवून मित्राच्या तोंडाशी धरलं. त्यानं खाल्लं. दुसरं त्यानं स्वतःच्या हातानं घेतलं. तिसऱ्यापर्यंत त्याच्या तोंडावर रंग आला.

बाकीच्यांना यातलं काही कळलं नाही. थोड्या वेळानं सगळे सावकाश वर गेले. झोपड्यांची नुसती बांबूची हाडं उभी होती, ताडपत्र्या गुंडाळून बांधलेल्या. 'अरे, इथे तर कुणीच नाही' असं कुणीतरी म्हणालं आणि मग सगळ्यांना माझी सॅक दिसली. कौतुकाचा पाऊस पडला. "याला म्हणतात प्लॅनिंग!" "राव, तुम्ही होतात म्हणून." "वहिनींना सांगा, एक नंबर." मी आठ दिवस ज्याची वाट पाहिली होती ते सगळं, शब्दन् शब्द, मला मिळालं. शिट्टीवाल्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, 'चूक माझी झाली, गुरुवारचा विचारच केला नाही, सरांनी वाचवलं.' मी हातातलं धपाटं परत फडक्यात ठेवलं.

रॅपलिंग त्यानं रद्द केलं. उतरताना मी मित्राचं कोपर धरलं होतं. बाकीचे पुढे गेल्यावर मी म्हणालो, "मला ठाऊक होतं. वर काही मिळत नाही ते."

"मला ठाऊक हाय तुला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तू झकास म्हणलास तवाच. वीस वर्षांत तू कुणाच्या कशाला झकास म्हणलास का? तीन चुका काढल्याबिगर तुला चहा जात न्हाई."

"मग ग्रुपवर बोलला का नाहीस?"

"वर काय मिळतंय न्हाई मिळतंय ते मला काय ठाऊक? तू आणायचास, मी खायचो. कधी बघितलोच न्हाई तिकडं." तो थांबून दम खात होता. "कायतरी खोट हाय एवढं कळलं. वाट बघितलो. म्हणलो, सांगतोय आज न उद्या."

आम्ही गुहेपाशी आलो. मी तिथे बघायचं टाळलं.

"शुगरचं मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. मला खरं तर विचारायचं होतं, त्याला का सांगितलंस.

त्यानं माझ्याकडे न बघता उत्तर दिलं. "पेंट शॉपवाल्याला तू काय केलास?"

चार वर्षांपूर्वी पेंट शॉपमधल्या एका माणसाला एका गडावर धाप लागली होती. बीपी निघालं. पुढच्या वर्षी यादी करताना मी त्याच्या नावावर लाल पेननं रेघ मारली. आमच्याकडे लाइनवर एखाद्या पार्टबद्दल शंका आली की त्याला लाल टॅग लावून लाल पेटीत टाकतात, मग त्यावर चर्चा नसते. मी माणसाला तेच केलं आणि मला त्याचा अभिमान होता. मित्र तेव्हा शेजारीच बसला होता. 'त्याला एकदा विचार तरी की,' तो म्हणाला होता. 'गडावर रिवर्क होत नाही, पार्ट दुरुस्त करून परत घ्यायला ही लाइन नाही,' मी म्हणालो होतो आणि हसलो होतो. तोही हसला होता, अशी माझी आठवण होती. उतरताना आठवायचा प्रयत्न केला तर त्याचं हसणं काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

"तुला सांगितलो असतो तर माझ्यावर बी रेघ आली असती," तो म्हणाला. "ह्याला भीत भीत विचारलो, शुगर हाय, मला नेतोस का. तो म्हणला, का न्हाई, तुमच्या हिशोबानं प्लॅन करू. दुसरं काय न्हाई लेका."

मी त्याचं कोपर सोडलं नाही.

घरी आल्यावर रिकामं फडकं बायकोसमोर ठेवलं. "पुरले का?" तिनं विचारलं. "पुरले," मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी बसमध्ये शेजारच्या सीटवर मी बॅग ठेवली. वीस वर्षांची सवय. मोशीला मित्र चढला, माझ्या खांद्यावर हात टेकला, 'बरा आहे' म्हणाला आणि मागे गेला. बस स्टॉप सोडून निघाली. मी थोडा वेळ त्या बॅगेकडे बघत बसलो. मग ती उचलली आणि दांड्या धरत धरत मागे गेलो. शिट्टीवाल्यानं सरकून जागा केली. मोबाईलवर पुढच्या गडाचा फोटो होता. रॅपलिंग राहिलं होतं ना.

"या, सर," तो म्हणाला. "हा कसा वाटतो?"

"गुरुवारी इथल्या टाक्याशी पोहरा नसतो," मी म्हणालो. "दोरी आपली न्यावी लागेल. निघायची वेळ चुकली आहे. आणि यादीत पेंट शॉपच्या त्या माणसाचं नाव घ्या, फोन मी करतो."

"तीन झाल्या," मित्र म्हणाला.

साडेआठ वाजत आले होते, त्याच्या खाण्याची वेळ. शिट्टीवाल्यानं सॅकमधल्या शेंगदाण्यांकडे हात नेला. माझा डबा मी त्याआधीच उघडला होता.